कागदावरची अश्वशक्ती आणि लातूरचा रस्ता

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने ‘गोल्फ जीटीआय’ ही मोटार भारतात अधिकृतपणे विक्रीस आणली. शोरूममधील किंमत ५३ लाख रुपये, शक्ती २६५ अश्वशक्ती आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारा वेळ ५.९ सेकंद. पहिल्या खेपेतील दीडशे गाड्या हातोहात खपल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराचे नवे टप्पे लागू झाले आणि चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील कर २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याच वर्षात देशभरातील पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. वरवर पाहता या तीन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु छोटी, वेगवान मोटार घेऊन तिच्यातून आणखी थोडा वेग काढण्याची हौस बाळगणाऱ्या ग्राहकापुरत्या त्या एकाच गणितात येतात. हा ग्राहक आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. लातूर, नांदेड, उदगीर, अंबाजोगाई येथेही तो आहे.

‘हॉट हॅचबॅक’ ही कल्पना तशी जुनी. रोजच्या वापराच्या, मागे दार असलेल्या आटोपशीर मोटारीत मोठे इंजिन बसवायचे, निलंबन कडक करायचे, ब्रेक सुधारायचे. मात्र किंमत आणि व्यवहार्यता सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवायची. १९७६ सालच्या पहिल्या गोल्फ जीटीआयची शक्ती ११० अश्वशक्ती होती. आज लातूरच्या रस्त्यावर दहा-अकरा लाखांत मिळणाऱ्या गाड्यांची शक्तीही नेमकी त्याच्या आसपास आहे. अर्थात, या गाड्यांचे वजन त्या गोल्फपेक्षा कितीतरी जास्त आहे.

भारतात या प्रकाराचा आरंभ कुर्ल्याच्या फियाट कारखान्यातून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. २००१ साली आलेल्या पालिओचा १.६ लिटरचा अवतार शंभर अश्वशक्तीचा होता. सचिन तेंडुलकर तिचा प्रचारक होता. गाडीचे कौतुक झाले, पण तिच्या पेट्रोलच्या तहानेची चर्चा कौतुकापेक्षा अधिक झाली. त्यानंतर २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि पेट्रोल मोटारींसाठी १२०० सीसीची जी रेघ ओढली गेली, तिने पुढील वीस वर्षांचा या वर्गाचा नकाशाच ठरवून टाकला. युरोपात १.६ किंवा २ लिटरची इंजिने असलेल्या हॉट हॅच भारतात एक किंवा १.२ लिटरच्या टर्बो इंजिनांत मावल्या, त्याचे कारण अभियांत्रिकी नसून करआकारणी आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलाने ही रेघ अधिकच ठळक झाली. रेघेच्या अलीकडे १८ टक्के, पलीकडे ४०.

या मर्यादेत उभ्या राहिलेल्या स्पर्धकांकडे पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. त्यांतील बहुतेक गाड्या आता नव्या मिळत नाहीत. बाजार प्रामुख्याने जुन्या गाड्यांचा आहे आणि पुण्याचे एमएच-१२, एमएच-१४ क्रमांक मिरवणाऱ्या अशा गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती मराठवाड्यात येतात.

या साऱ्यांत कागदावर सर्वात बलवान म्हणजे ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेली अबार्थ पुंटो. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार १.४ लिटर टी-जेट इंजिनाच्या जोरावर १४५ अश्वशक्ती व २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सोळा इंची चाके, आणि ८.८ सेकंदांत शंभरचा वेग, असा कंपनीचा दावा होता. दिल्लीतील शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांत एवढी शक्ती त्यापूर्वी कोणी दिली नव्हती आणि त्यानंतरही दिलेली नाही. १२०० सीसीची रेघ ओलांडल्याने कराची सवलत तिला नव्हतीच. तरीही ती किंमत फियाटने ठेवली, हे धाडसच म्हणावे लागेल. ग्राहकांनी त्या धाडसाची कदर केली नाही. काही वर्षांतच फियाटने भारतातील मोटारविक्री गुंडाळली.

दुसरी फोक्सवॅगन पोलो. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय १.२ लिटरची, १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटरची. तिच्यासोबत सात गतींचा दुहेरी क्लचचा ‘डीएसजी’ गिअरबॉक्स होता आणि शंभरचा वेग ९.७ सेकंदांत गाठण्याचा दावा होता. २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होताना तिची जागा एक लिटरच्या तीन सिलिंडरी टीएसआय इंजिनाने घेतली. शक्ती ११०, टॉर्क तेवढाच. मात्र आता सहा गतींचा साधा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स मिळू लागला. २०२२ मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले. आजही जुन्या बाजारात या गाडीचे भाव टिकून आहेत आणि त्यामागे केवळ भावुकता नाही.

मारुती बलेनो आरएसचे प्रकरण निराळे. मार्च २०१७ मध्ये ती आली तेव्हा तिचे एक लिटरचे बूस्टरजेट इंजिन जपानहून आयात होत असे. वजन सुमारे साडेनऊशे किलो, म्हणजे या साऱ्यांत हलकी. परंतु युरोपात ११० हून अधिक अश्वशक्ती देणारे हेच इंजिन भारतात १०२ अश्वशक्ती आणि १५० न्यूटन-मीटरवर आवळलेले होते. विक्री माफकच राहिली आणि बीएस-६ च्या उंबरठ्यावर ही गाडी बंद झाली.

नंतरच्या पिढीत ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर यांची नावे येतात. एन लाइन सप्टेंबर २०२१ मध्ये आली. १२० अश्वशक्ती, १७२ न्यूटन-मीटर, ९.९ सेकंद. २०२३ मध्ये तिच्यात क्लचविरहित ‘आयएमटी’ऐवजी रीतसर क्लचचा सहा गतींचा गिअरबॉक्स आला, ही खऱ्या अर्थाने सुधारणा. परदेशातील ‘आय२० एन’शी मात्र तिची गल्लत करू नये; ती गाडी १.६ लिटरची आणि २०४ अश्वशक्तीची आहे आणि भारतात ती आलेलीच नाही. पुण्यात तयार झालेली अल्ट्रोझ रेसर जून २०२४ ची. तिचीही शक्ती १२०, टॉर्क १७०, पण शंभरच्या वेगास ११.१ सेकंद. कागदावर ती एन लाइनच्या मागे आहे. तथापि त्याच वर्षी कोईमतूरजवळच्या कोआस्ट ट्रॅकवर नारायण कार्तिकेयन यांनी चालवलेल्या रेसरने वेगवान हॅचबॅकचा विक्रम इंडिया बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंदवून घेतला. सरळ रेषेतली चपळाई आणि वळणावरची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून दिसते. विक्रम निर्मात्या कंपनीच्या पुढाकाराने झाला आणि चालक फॉर्म्युला वनचा अनुभव असलेला होता, हेही विसरता येत नाही.

आता हेच आकडे लातूरच्या रस्त्यावर आणून पाहिले तर काय होते? लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळिशी ओलांडतो. उंचीमुळे हवा विरळ, उष्णतेमुळे आणखी विरळ. इंजिनाला प्रत्येक श्वासात कमी प्राणवायू मिळतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती अशा दुपारी कागदावरील आकड्यापेक्षा सुमारे एक दशांशाने घटते, असे ढोबळ गणित मांडता येते. टर्बो इंजिन ही तूट भरून काढते, कारण टर्बो हवा दाबून आत लोटतो. मात्र त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते, दाबलेली हवा आणखी तापते आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर ताण येतो. याचा अर्थ असा, की युरोपातील थंड हवेत जो राखीव साठा ट्यूनिंगसाठी शिल्लक राहतो, त्यातील काही भाग मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी मूळ अवस्थेत चालवतानाच खर्ची पडतो. ट्यूनिंगच्या जाहिरातींतील वाढीव शक्तीचे आलेख बहुधा वातानुकूलित दालनातले असतात, मे महिन्यातल्या औसा रस्त्यावरचे नसतात.

शिवाय शून्य ते शंभर हा आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही. लातूरहून पुण्याला जाणारा प्रवासी मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी मार्गे टेंभुर्णीला पोहोचतो. टेंभुर्णीपर्यंतच्या या रस्त्याच्या चौपदरीकरणाची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. दुपदरी रस्त्यावर, गळीत हंगामात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असताना सिग्नलवरची सुरुवात कोणी मोजत नाही. तेथे मोल असते ते तिसऱ्या गिअरमध्ये साठवरून शंभरवर किती लवकर जाता येते याला. कमी फेऱ्यांत मिळणाऱ्या टॉर्कला, थोडक्यात. या कसोटीवर १५०० फेऱ्यांपासून १७५ न्यूटन-मीटर देणारी पोलो १.२ टीएसआय आजही समाधानकारक ठरते. अबार्थ पुंटो दोन हजार फेऱ्यांनंतर एकदम जागी होते. त्याखाली ती काहीशी आळसावलेली असते. तिची जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर आहे आणि आपल्याकडील गावागावांतील गतिरोधक कोणत्याही प्रमाणित मापाचे नसतात, हेही त्यात जमेस धरावे. नांदेडच्या बाजूला चित्र बदलते. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा चाकूर, लोहा, नांदेड हा पट्टा रुंद झाला आहे. तेथे वेग सहज वाढतो आणि धोकाही त्याच प्रमाणात. ताशी १०० किलोमीटरवरून १२० वर गेलेल्या गाडीची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ती जिरवायची कोणी, तर ब्रेक आणि टायर यांनी. शक्तीच्या तुलनेत या दोहोंची चर्चा नेहमी शेवटच्या परिच्छेदात येते.

ट्यूनिंग म्हणजे नेमके काय, याविषयीही गैरसमज आहेत. आजच्या इंजिनाचा कारभार इसीयू नावाच्या संगणकाकडे असतो. किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने किती दाब निर्माण करायचा, हे त्यातील तक्त्यांवरून ठरते. हे तक्ते बदलणे म्हणजे रिमॅप. साध्या इंजिनात या बदलाने हाती फारसे लागत नाही, कारण हवा वाढवण्याचे साधनच नसते. टर्बो इंजिनात मात्र दाब वाढवला, की शक्ती आणि टॉर्क वीस ते तीस टक्क्यांनी वाढल्याचा दावा ट्यूनर मंडळी करतात आणि तो सामान्यतः अवास्तव नसतो. प्रश्न वाढ होते की नाही हा नसून वाढीचा भार कोण वाहतो हा आहे.

येथेच स्पर्धकांमधला खरा फरक उघड होतो. निर्मात्याने तेच इंजिन जगात अन्यत्र किती शक्तीवर, पूर्ण हमीसह विकले आहे, हे पाहणे ही राखीव क्षमतेची सर्वात विश्वासार्ह खूण. टी-जेट कुळातील १.४ लिटरचे इंजिन अबार्थने युरोपात १८० अश्वशक्तीपर्यंत नेले आहे. अर्थात मोठ्या टर्बोसह. म्हणजे भारतीय पुंटोच्या इंजिनाचा मूळ ठोकळा आणि अंतर्भाग १४५ वर थकत नाहीत. बलेनो आरएसच्या इंजिनात भारतासाठी आवळलेला टप्पा सैल करण्याइतकी जागा निश्चित आहे. पोलोचे एक लिटरचे टीएसआय इंजिन युरोपात ११५ अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटरवर मिळत आले आहे. येथे एक मजेशीर, पण बोलका तपशील आहे. फोक्सवॅगन समूह अशा लहान इंजिनांना ज्या मालिकेचा गिअरबॉक्स जोडतो तिचे नाव ‘एमक्यू२००’. त्यातील २०० हा आकडा गिअरबॉक्स जितका टॉर्क सोसू शकतो त्याचाच निदर्शक. मूळ १७५ मध्ये पंचवीस टक्के वाढ केली तर बेरीज २१९ होते. गॅरेजच्या फलकावरील आकडा आणि गिअरबॉक्सच्या नावातील आकडा यांच्यात एवढे अंतर पडते. गिअरबॉक्स लगेच तुटतो असे नाही. अभियंते काही शिल्लक ठेवूनच मर्यादा लिहितात. मात्र ती शिल्लक कोणाच्या गाडीत किती काळ पुरेल, हे कोणी लिहून देत नाही.

१.२ टीएसआयच्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. आकड्यांच्या हिशेबाने तो सुखरूप आहे. दुखणे दुसरेच आहे. कोरड्या क्लचचा हा सात गतींचा गिअरबॉक्स संथ रहदारीत तापतो. २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीतील दोषांमुळे सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावण्याची वेळ फोक्सवॅगनवर आली होती. लातूरच्या गंजगोलाईत सायंकाळी पाच ते सात या वेळेत गाडी पुढे सरकवत नेणाऱ्याने या गिअरबॉक्सवर आणखी टॉर्क लादण्याचा विचार करण्यापूर्वी मेकॅट्रॉनिक युनिटची किंमत विचारून घ्यावी. त्या दुरुस्तीचे जाणकार हात बहुतांशी पुण्यात किंवा हैदराबादेत आहेत आणि दोन्ही शहरे लातूरहून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास.

एन लाइन आणि रेसर यांच्या बाबतीत चित्र अधिक कुंद आहे. एन लाइनचे इंजिन थेट इंधन फवारणीचे असल्याने ज्वलनकक्ष थंड राहण्यास मदत होते आणि दाब वाढवण्यास काही वाव राहतो. रेसरचे इंजिन मूळ नेक्सॉनचे. जड गाडी ओढण्यासाठी घडवलेले, म्हणून दणकट, पण फेऱ्यांना उत्सुक नाही. दोन्ही गाड्या अद्याप तरुण आहेत, बऱ्याच गाड्यांची हमी शिल्लक आहे आणि नुसता रिमॅपसुद्धा ती हमी धोक्यात आणू शकतो. जर्मन समूहाची काही सेवाकेंद्रांतील यंत्रणा तर बदललेली फाइल ओळखून गाडीच्या नोंदीवर कायमची खूण ठेवते.

इंधनाचा मुद्दा मराठवाड्यासाठी विशेष अर्थपूर्ण आहे. मांजरा खोऱ्यातील लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच शहराच्या भोवताली ऊस पुन्हा उभा राहिला आणि राज्यातील आसवन्यांमधून निघणारे इथेनॉल आता प्रत्येक गाडीच्या टाकीत उतरते. ट्यूनिंगच्या दृष्टीने इथेनॉल दुधारी आहे. त्याचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने दाब वाढवला तरी इंजिनात अवेळी स्फोट, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात, ते होण्याची शक्यता कमी होते. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलची किमान मर्यादा ९१ होती. वीस टक्के मिश्रणाचा अंक ९५ असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. दहा वर्षांपूर्वी ट्यूनर ज्यासाठी महागडे पेट्रोल भरायला सांगत, ते गुण आज साध्या नळीतून मिळतात, असे म्हणता येईल.

दुसरी बाजू तितकीच खरी. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तेवढीच शक्ती काढण्यासाठी अधिक इंधन सोडावे लागते; रिमॅप केलेल्या गाडीत पंप आणि फवारे आधीच आपल्या मर्यादेजवळ असतात. आणि अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, दोन्ही पिढ्यांच्या पोलो या सर्व गाड्या वीस टक्के मिश्रणाचे युग सुरू होण्यापूर्वीच्या आहेत. त्यांच्या नळ्या, रबरी सील आणि गॅस्केट या मिश्रणासाठी घडवलेले नाहीत. इथेनॉलविरहित, शंभर ऑक्टेनचे ‘एक्सपी१००’ पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. मराठवाड्यातील एकही नव्हते. पुण्यात अशा इंधनावर बेतून केलेला रिमॅप घेऊन गाडी लातूरला आली, की टाकीत वेगळेच पेट्रोल पडते. इसीयू काही प्रमाणात जुळवून घेतो, ठिणगी मागे सरकवतो आणि विकत घेतलेली शक्ती निमूटपणे परत करतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

धुळीचेही असेच. अधिक हवा मिळावी म्हणून बसवले जाणारे तेलकट कापडी फिल्टर कागदी फिल्टरच्या तुलनेत सूक्ष्म धूळ अधिक आत सोडतात. काळ्या मातीच्या मुलखात, फेब्रुवारीनंतर, टर्बोच्या पात्यांना ही धूळ परवडणारी नाही.

कायद्याकडे मात्र बहुतेक हौशी मंडळी पाहतच नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे मांडली आणि अशा बदलांना वाव देणारा तेथील उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. त्याच वर्षीच्या सुधारणेने कलम १८२-अ आणले. त्यानुसार नियमबाह्य सुटे भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. विक्रेत्यास प्रत्येक वाहनामागे एक लाखापर्यंत दंड. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडणाऱ्यास कलम १९० अन्वये दहा हजार रुपयांपर्यंत दंड वेगळाच.

रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रस्त्यावरचा पोलीस तो पकडू शकत नाही, हे खरे. वाहतूक शाखेची कारवाई प्रामुख्याने कर्कश सायलेन्सरवर होते, कारण तो ऐकू येतो. परंतु अपघातानंतर गाडी जेव्हा विम्याच्या तपासनिसासमोर उभी राहते, तेव्हा हिशेब बदलतो. न कळवलेला बदल हे नुकसानीचा दावा नाकारण्यास सबळ कारण ठरते. पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाला, तर जखमी व्यक्तीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची मुभाही न्यायालये विमा कंपन्यांना देत आली आहेत. चाळीस-पन्नास हजारांच्या रिमॅपसाठी पत्करलेली जोखीम अशी कित्येक लाखांची असू शकते. ज्या कुटुंबात गाडी एकच आहे आणि तीच मुलांना शिकवणीला सोडते, तेथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

कायदेशीर ट्यूनिंगचा एक चांगला प्रयोग देशात झाला होता आणि त्याची आठवण क्वचितच काढली जाते. टाटा मोटर्स आणि कोईमतूरच्या जयेम यांच्या भागीदारीतून ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी आली. १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची शक्ती ११४ अश्वशक्ती, टॉर्क १५०, शंभरचा वेग दहा सेकंदांच्या आत आणि किंमत ६ लाख ३९ हजार. निलंबन किंचित खाली आणलेले, टायर रुंद, स्टिअरिंग नव्याने जुळवलेले. आणि हे सर्व नोंदणीत, हमीत, विम्यात बसणारे. ट्यूनरचे काम कारखान्याच्या फाटकाच्या आत झाले, हा तिचा खरा विशेष. बीएस-६ च्या वेळी २०२० मध्ये ती बंद झाली. उत्पादन थोडके होते, म्हणून नव्या निकषांचा खर्च परवडला नसावा. पण करकपातीनंतरच्या आजच्या बाजारात तशी गाडी अकाली आली होती, असेच वाटते.

पोलोला भारतात जो मान मिळाला त्याचे मूळही असेच आहे. २०१० पासून तिच्या स्वतंत्र चषक-शर्यती झाल्या, २०१२ पासून त्यांत १८० अश्वशक्तीच्या गाड्या धावल्या आणि राष्ट्रीय रॅलीमध्येही पोलो वर्षानुवर्षे दिसत राहिली. त्यामुळे कोणता भाग किती सोसतो, याचे ज्ञान चेन्नई, कोईमतूर, पुणे येथील कार्यशाळांत साचले. पुंटोची राखीव क्षमता कदाचित पोलोहून अधिक असेल. मात्र तिच्याभोवती असे ज्ञान जमले नाही आणि कंपनी देश सोडून गेल्यावर सुटे भाग मिळवणे हाच एक छंद होऊन बसला. त्यामुळे क्षमतेत पुंटो, व्यवहारात पोलो एक लिटर मॅन्युअल आणि नव्याने घेणाऱ्यास, हात न लावता चालवायची असल्यास, एन लाइन, असा क्रम लागतो. बलेनो आरएस स्वस्तात आणि सुस्थितीत मिळाली तर ती या सर्वांना अनपेक्षित उत्तर ठरू शकते. हलक्या गाडीला चांगले टायर आणि ताजे ब्रेक पॅड दिले, की निम्मे ट्यूनिंग झालेले असते, तेही नियमात राहून.

जुनी गाडी घेणाऱ्यापुढे तरीही एक अडचण उरते. रिमॅप केलेल्या गाडीत विक्रीपूर्वी मूळ फाइल परत टाकणे हे थोड्या वेळाचे काम आहे. त्यानंतर गाडी चालवून पाहताना ती अगदी कारखान्यातून आल्यासारखी वागते. नोंदणी पुस्तिका स्वच्छ, किलोमीटरचा आकडा माफक, रंगाला चमक. मागच्या मालकाने तीन उन्हाळे तिच्यातून काय काढून घेतले याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. ती शोधावी लागते चढावर, चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण दाबलेल्या पेडलखाली क्लच घसरतो का ते पाहून. सेवाकेंद्राच्या पावत्यांमध्ये ठरल्यापेक्षा लवकर बदललेल्या स्पार्क प्लगमध्ये. आणि पावसाळ्यानंतरही कधी न बदललेल्या पुढच्या टायरांच्या झिजलेल्या कडांमध्ये.